आत्या स्वतःचं नाव ठेवते

स्वातंत्र्य सगळ्या देशाला मिळालं, पण ते मनावर घेतलं फक्त माझ्या आत्याने. थळची आमची ही एकुलती एक आत्या लग्न होऊन रेवदंड्याला गेली होती, आणि सत्तेचाळीस सालानंतर तिने कुणाचं म्हणून ऐकलं नाही. वाळत घातलेले बोंबील जरा पलीकडे सरकव असं सासूने म्हटलं, तरी ही विचारायची, "इंग्रज गेलं ना? मग तुमीच कशाला ऱ्हायलाव?" आतोबा बिचारे होडीत जास्त आणि घरात कमी राहू लागले.

पहिल्या निवडणुकीसाठी नावं लिहायला एक मास्तर आले. शेजारणींनी अमक्याची बायको, तमक्याची आई असं सांगून सुटका करून घ्यायचा प्रयत्न केला. मास्तर म्हणाले, "तसं चालणार नाही. स्वतःचं नाव नाही, तर मत नाही." आत्याने सांगायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. माहेरी ती 'बाय', सासरी 'धाकली'. लग्न झालं आठव्या वर्षी. खरं नाव तिच्याही ध्यानात नव्हतं!

दुसऱ्या दिवशी ती चालत आमच्या दारात हजर. "दादा, माजा नाव काय रं?"

वडील डोकं खाजवत राहिले. "बाय, तुला हाक मारायची पाळीच कदी आली न्हाय. तूच आदी पुडं!"

तेव्हा आत्याने ठरवलं, आपलं आपणच ठेवायचं. पण पारखल्याशिवाय घेणारी ती नव्हे. वडिलांना तिने होड्यांपाशी उभं केलं, स्वतः पार किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि त्यांना एकेक नाव ओरडायला लावलं. सुलोचना वाऱ्याने मध्येच तोडलं, चंपा लाटेत बुडालं. 'ताराऽऽ' मात्र खणखणीत पोचलं.

मास्तर तोवर चौलला गेले होते. आत्याने त्यांना भर जेवणात गाठलं. "लिवा, तारा."

"आणि नवऱ्याचं नाव?"

"ते त्याला इचारा. तो काय मुका हाय?"

मतदानाच्या दिवशी नवं लुगडं नेसून ती सगळ्यांच्या आधी रांगेत. पण 'ताराबाई' असा तीनदा पुकारा झाला तरी हलेना, उलट मागे वळून बायकांनाच दटावू लागली, "कोन गो ती तारा? जा की पुडं, खोळंबा करतेस!"

ते नाव पुढे यादीतच राहिलं. घरीदारी ती धाकलीच. बासष्टच्या निवडणुकीला मी तिला हात धरून नेलं. कारकुनाने नाव पुटपुटलं.

"जरा मोट्यानं बोला की," आत्या म्हणाली.

त्याने मोठ्याने वाचलं. ती डोळे मिटून तशीच उभी राहिली. मागची रांग कुरकुरू लागली, तसं मी म्हटलं, "आत्या, चल ना."

"थांब रं," ती हळूच म्हणाली. "पाच वर्सांनी कुनीतरी हाक मारलीय."