थकलेली लिफ्ट आणि बाभळीचा ठोकळा

तेलकट चिंध्यांसारखेच आमच्या ट्रॅक्टरचे किस्से गोठ्यात साचत गेले. कोणी टाकत नाही, कोणी धूत नाही, आणि हात लावला की माझे हात काळे होतात ते होतातच!

आधीच कबूल करते, जुना का होईना पण ट्रॅक्टर घ्या, हा हट्ट माझाच. हुडकेश्वरला आमची शेती. बैलांच्या मागे आमचे हे दिवसभर बाहेर. म्हटलं, ट्रॅक्टर आला की लवकर घरी येतील.

आता घरीच असतात. ट्रॅक्टरखाली!

*

ट्रॅक्टरच्या मागे नांगर, आणि तो उचलायची लिफ्ट तेलाच्या जोरावर चालते. आमची लिफ्ट नांगर उचलायची झोकात, पण इंजिन बंद केलं की चहा संपेपर्यंत नांगर हळूहळू जमिनीवर टेकलेला.

"थकते बिचारी. जुनी आहे ना," हे म्हणाले.

सकाळी चारला उठून वीस भाकरी थापलेली मी तिथेच उभी होते. म्हटलं, "मी अशी मधेच बसली तर मलेही बिचारी म्हणाल का?"

"तुले काय झालं वं बसायले?"

मी रागीट नाही हो. त्या दिवशी फक्त पातेली जरा जोरात ठेवली. तिसऱ्या घरापर्यंत ऐकू गेली, एवढंच!

*

आमचे मेकॅनिक म्हणजे गुलाबभाऊ. शहरातून सायकलवर येणार, आल्या आल्या चहा पिणार, मग ट्रॅक्टरकडे असं बघणार की जणू मुलगी पाहायला आलेत.

एकदा तेलाच्या पाइपाला बारीक चीर पडली. "वहिनी, साबण आणा," गुलाबभाऊंची ऑर्डर.

मला वाटलं हात धुवायचेत. आणून दिला. घरात एकुलता एक चंदनाचा साबण होता, दिवाळीपासून पुरवून वापरलेला. त्यांनी तो अख्खा त्या चिरेत घासघासून भरला आणि वरून सुतळी गुंडाळली!

दोन दिवस गळती बंद. ट्रॅक्टर गेला की मागे चंदनाचा घमघमाट.

आणि मी? कपड्याच्या साबणाने आंघोळ करत होते!

*

माझा दीर शेषराव. कामाला वाघ, पण विचार करायची सवय नाही. लिफ्टचं तेल कमी झालं म्हणून त्याने फळीवरचा डबा काढला आणि ओतला. तो निघाला ब्रेक ऑइलचा!

"वहिनी, दोन्ही तेलच ना?"

आतली रबरी सीलं पुरीसारखी फुगली. गुलाबभाऊंनी सगळं तेल काढलं, बाहेरून दिसणारी सीलं बदलली आणि आतलं तसंच सोडून चहा प्यायले. मग घरच्या पुरुषांची बैठक बसली. खूप विचार झाला आणि शेवटी गुन्हेगार सापडला.

"दोन डबे एका फळीवर ठेवले कोणी?"

मी!

*

यानंतरच्या किश्शाला मी अजूनही हसत नाही.

वावरात नांगर वर उचलून इंजिन बंद केलं होतं. फाळाचा बोल्ट ढिला झाला म्हणून शेषराव खाली बसून पाना फिरवत होता. मी शिदोरी घेऊन पोचतच होते. नांगर या वेळी हळूहळू नाही, धपकन खाली! शेषरावने पाय ओढला, चप्पल आत राहिली. फाळाने तिचे दोन तुकडे केले.

घरी त्याचं दोन महिन्यांचं लेकरू. माझ्या हातातली शिदोरी मातीत गेली. आणि आमचे हे काय म्हणाले?

"चप्पल तशीही जुनीच होती!"

त्या दिवशी मी काय काय बोलले ते इथे सांगत नाही, सासूबाई हयात आहेत. पण संध्याकाळी बाभळीचा एक जाड ठोकळा कापून घेतला आणि सांगून टाकलं, नांगराखाली हा ठोकळा लावल्याशिवाय जो कोणी खाली जाईल, त्याला या घरात भाकर नाही.

"बाईमाणसाले मशीनचं काय समजते?" हे पुटपुटले. पण भाकर लागते ना!

*

मग हे, शेषराव आणि गुलाबभाऊ, तिघं मिळून गळती शोधायला ट्रॅक्टरखाली आडवे. टॉर्च इकडे, टॉर्च तिकडे.

मी म्हटलं, "खाली जमीन कोरडी ठणठणीत आहे. तेल बाहेर येऊनच नाही राहिलं, तर आतल्या आत गळत असन."

खालून आवाज आला, "वहिनी, चहा ठेवता का?"

दुसऱ्या दिवशी गुलाबभाऊंनी सीटखालचं झाकण उघडलं, लिफ्टच्या पिस्टनची तुटलेली रिंग बाहेर काढली आणि जाहीर केलं, "भाऊ, गळती आतून होती!"

"वा! याले म्हणतात अनुभव!" हे माझ्याकडे बघून म्हणाले. चहात मी त्या दिवशी साखर घातली नाही. तिघांनी गोड मानून घेतला.

*

नवी रिंग बसली. नांगर उचलला, इंजिन बंद केलं. चहा संपला, नांगर जागचा हलला नाही. गुलाबभाऊंची छाती फुगली. अंगात धुतलेला सदरा, पायात कालच शहरातून घेतलेल्या करकरीत कोल्हापुरी.

"शेषराव, जा गा खाली, तेवढा बोल्ट कसून घे. आता ठोकळ्याची गरज नाही. माझी गॅरंटी!"

"गॅरंटी आहे ना," हेही म्हणाले. शेषराव पाना घेऊन वाकलासुद्धा.

मी त्याचा दंड धरून मागे ओढला.

"पक्की गॅरंटी, भाऊ?"

"शंभर टक्के, वहिनी!"

"मग आधी तुमच्या चपला ठेवा फाळाखाली. पाच मिनिटं."

गुलाबभाऊंनी नांगराकडे पाहिलं. चपलांकडे पाहिलं. परत नांगराकडे पाहिलं.

"शेषराव," ते म्हणाले, "तो ठोकळा आण गा!"