आपोआप वळणारी गाडी

शिर्डीला दर्शनाला आलेली माणसं शनिशिंगणापूरला नेऊन आणायची, हा माझा कित्येक वर्षांचा धंदा. एका सकाळी दात घासताना तोंडातलं पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागलं आणि डावा हात बेसिनवरून खाली पडला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा बोलता येत होतं, पाय थोडा ओढत चालताही येत होतं. डाव्या हाताच्या बोटांत मात्र जीव परत आला नाही. गिअर टाकायचा हात तोच. गाडी विकावी लागली.

पुढचे महिने मी राहात्यातल्या घराच्या ओट्यावर बसून काढले. रस्त्यानं जाणाऱ्या गाडीच्या आवाजावरून तिचा क्लच घासलाय हे ओळखायचो, पण ते सांगायला शेजारी कुणी नसायचं. बायको ताट वाढायची आणि मी अर्धं ठेवून उठायचो.

धाकट्या भावानं त्याच सुमारास बाजारपेठेजवळ गाळा घेऊन व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं होतं. आत दोन मोठे टीव्ही होते आणि प्रत्येकापुढं गाडीसारखं स्टिअरिंग, खाली ब्रेक-अॅक्सिलरेटर आणि रेसच्या गाडीत असते तशी खोल खुर्ची. कॉलेजची पोरं शेजारी शेजारी बसून शर्यत लावायची. भाऊ एक दिवस घरी येऊन म्हणाला, "दादा, येऊन बस तर खरं. गिअर आपोआप पडत्यात. एक हात लई झाला."

मी नको नको म्हणत गेलो. डावीकडच्या खुर्चीत त्यानं मला बसवलं. पहिलं वळण आलं तेव्हा मी पाय उचलला, उजव्या हातानं स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी अलगद वळली. मला वाटलं, हात विसरलेला नाही. शेजारच्या खुर्चीतला पोरगा गवतात जाऊन गरगरत होता आणि मी पुढं निघून गेलो होतो.

मी रोज जायला लागलो, आणि रोज जिंकायला लागलो. भावानं दारावर पाटी लावली: 'दादांना हरवा, पुढचा डाव फुकट.' शिर्डीहून, कोपरगावहून पोरं यायची. मी पुन्हा रोज दाढी करू लागलो, इस्त्रीचा शर्ट घालू लागलो. हरलेल्या पोरांना सांगायचो, "ब्रेक वळणाच्या आधी मारायचा बाबांनो, वळणात न्हाई. गाडीला आधी सांगायचं, मग वळवायचं." पोरं मान डोलवायची. एकानं तर मोबाईलवर माझं बोलणं रेकॉर्ड करून घेतलं.

शिर्डीच्या टॅक्सी स्टँडवर माझ्याबरोबर गाडी लावणारा माझा जुना जोडीदार एका मंगळवारी आला. गुरुवारसारखी गर्दी मंगळवारी नसते, म्हणून त्याला सवड होती. तो माझ्या शेजारी बसला आणि पहिल्याच वळणाला गवतात गेला. पुन्हा रस्त्यावर आला, पुन्हा गेला.

"हे काय राव," तो ओरडला, "डांबरावर साबन वतलाय का?"

सगळे हसले, मीही हसलो. डाव संपल्यावर तो उठला आणि म्हणाला, "तू हिकडं बस. मला तुझ्या खुर्चीत बसू दे."

भाऊ गल्ल्यावरून धावत आला. "नको नको, ती दादाची सेटिंग हाय."

तोवर जोडीदार माझ्या खुर्चीत बसलाही होता. मी त्याच्या खुर्चीत बसलो. शर्यत सुरू झाली. पहिल्या वळणाला मी रोजच्यासारखा पाय उचलला, रोजच्याइतकंच स्टिअरिंग फिरवलं, आणि माझी गाडी सरळ जाऊन कठड्याला धडकली. मला काही कळेना. शेजारी बघितलं तर जोडीदार मजेत पुढं चालला होता. त्याच्या कपाळावर आठी पडली. मग त्यानं पोलिसांनी अडवल्यासारखे दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून वर धरले.

गाडी वळली. स्टिअरिंग आपलं आपण फिरलं, वेग आपोआप कमी झाला, आणि वळण संपल्यावर गाडी सरळ झाली.

दुकानभर हशा पिकला. जोडीदारही हसत होता. मग त्यानं माझ्याकडं बघितलं आणि त्याचं हसू बंद झालं. ज्या पोरानं माझं बोलणं रेकॉर्ड केलं होतं, तोही तिथंच उभा होता.

भावाला मी दुकानामागं बोळात नेलं.

"मी कायबी केलं न्हाई दादा," तो म्हणाला. "कंपनीकडनं येतानाच ते चालू असतंय. नव्या मानसाची गाडी रस्ता सोडू नये म्हनून. मी फक्त बंद केलं न्हाई."

"आणि दुसऱ्या खुर्चीचं?"

तो म्हणाला, "पोरांना खऱ्या गाडीसारखं पायजे असतंय. म्हनून त्यांचं बंद केलं."

"मला खऱ्या गाडीसारखं नको असतंय, हे तुला कुणी सांगितलं?"

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारायला हात एकच चांगला होता, तो मी खिशात घातला.

घरी आलो तर बायको कणीक मळत होती. झालेलं सगळं तिला सांगितलं. तिनं वर बघितलं नाही, आणि तिथंच मला समजलं.

"तुला ठाऊक हुतं?"

"भावजींनी पयल्या दिवशीच सांगितलं हुतं," ती म्हणाली. "तुमी पोटभर जेवाया लागला हुतात. मी काय बोलनार?"

तिच्यावर रागावता येईना, म्हणून ते जास्त लागलं. भावाला दुकान चालवायचं होतं. हिला मी जेवायला हवा होतो. दोघांनी मिळून मला महिनोन् महिने एका खोट्या रस्त्यावर पळवलं, आणि मी तिथं उभा राहून लोकांच्या पोरांना ब्रेक कधी मारायचा ते शिकवत होतो. त्या रात्री मी अर्धं ताटही खाल्लं नाही.

आठवडाभर घरात काढला. मग एका सकाळी दुकान उघडायच्या वेळेला गेलो आणि भावाला म्हणालो, "काय काय चालू हाय ते सगळं दाखव मला."

पडद्यावर ओळीच ओळी आल्या. गिअर आपोआप, ते राहू दे म्हणालो, माझा तो हात नाही. स्टिअरिंग किती जड लागावं हे कमी करता येत होतं. एका बाजूला वळायला ते किती फिरवावं लागेल, हेही. खऱ्या गाडीइतकं फिरवायचं तर दोन हात लागतात. ही दोन्ही मी माझ्या उजव्या हाताला झेपतील अशी लावून घेतली. त्यात मला लाज वाटली नाही. जिना चढताना मी कठडा धरतोच, पण जिना मीच चढतो. पुढं रस्त्यावर एक रंगीत रेघ होती, कुठून जावं आणि कुठं थांबावं ते दाखवणारी. शिंगणापूरच्या रस्त्यावर मला कुणी रेघ काढून दिली नव्हती. ती बंद केली. आपोआप ब्रेक बंद, आपोआप वळणं बंद.

"मग हरशील तू," भाऊ म्हणाला.

"हरतो."

आणि हरलो. गवतात, कठड्यावर, वाळूत. पोरं मला हरवून पुढचा डाव फुकट खेळायला लागली. काही दिवसांनी भावानं पाटी काढून टाकली. गर्दी पांगली. जोडीदार मात्र सवड काढून यायचा, मागं स्टुलावर बसायचा आणि स्टँडवर करायचा तशी माझ्या चुकांवर टीका करायचा. हळूहळू या गाडीचं वजन माझ्या ध्यानात यायला लागलं. चाकं कधी सुटतात ते हातात आधी समजायला लागलं. एका दुपारी मी गवताला न शिवता पुरी फेरी मारली. मशीनच्या गाड्यांत नंबर मधलाच कुठला तरी आला. दुकानात तेव्हा जोडीदाराशिवाय कुणी नव्हतं. तो उठून चहा सांगून आला. त्या दिवशी घरी जाऊन मी स्वतःहून दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली. बायको बघतच राहिली.

भावाशी बोलणंही सुरू झालं होतं. मी मनाशी म्हणत होतो, त्याला कळलं नसेल. आजारी माणसाला खुश ठेवायचं एवढंच त्याच्या डोक्यात असेल.

मग दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या. बाहेरगावची पोरं आजोळी आली, दुकान भरून गेलं. भावानं पाटी पुन्हा लावली आणि तिच्याभोवती दिव्यांची माळ सोडली. मला वाटलं, आता माझ्या हातावर त्याचा भरवसा बसला. त्या आनंदात मी खुर्चीत बसलो.

पहिल्या वळणाला स्टिअरिंग माझ्या तळव्यात किंचित हललं. मी वळवायच्या आधी.

पूर्वी मला ते कधी समजलं नसतं. आता समजत होतं. मी बोटं सैल केली. ते फिरत राहिलं. मागं टाळ्या पडत होत्या. मी हात काढून मांडीवर ठेवला आणि पुढचं वळण गाडीनं घेतलेलं बघत बसलो. मग मागं वळून भावाकडं बघितलं. तो गल्ल्यात काहीतरी शोधत होता.

मी खुर्चीला धरून उठलो आणि त्याच्याजवळ गेलो.

"दोनच दिवस दादा," तो हळू आवाजात म्हणाला. "सुट्टीचे दिवस हायेत. नंतर करतो बंद."

पहिल्या वेळी मी त्याला काही सांगितलेलं नव्हतं. या वेळी मला काय हवंय ते त्याच्या तोंडावर सांगून झालं होतं. शेजारी बसून त्यानंच एकेक ओळ माझ्यासमोर बंद केली होती. गर्दीतून वाट काढत बाहेर पडलो. गाडी आत पडद्यावर चालूच होती, आणि पोरांना वाटलं मी पाणी प्यायला उठलोय.

त्यानंतर मी दुकानात गेलो नाही. हल्ली जोडीदार सकाळी जाता जाता मला गाडीत घेतो आणि शिर्डीच्या स्टँडवर सोडतो. तिथं बसून मी भाडी लावून देतो, नव्या ड्रायव्हरांना रस्ते सांगतो. भाऊ घरी येतो. पेरूच्या बागेचं, पाण्याच्या पाळीचं, आईच्या गुडघ्याचं बोलतो. मीही बोलतो. खेळाचा विषय दोघंही काढत नाही.

गेल्या आठवड्यात त्यानं बायकोजवळ निरोप ठेवला. नवीन मशीन घेतलंय, दादाच्या खुर्चीतलं सगळं बंद करून ठेवलंय, येऊन बघ म्हणावं.

"तू बघितलंस?" मी तिला विचारलं.

"मला त्यातलं काय कळतंय?"

"मग ते खरं कशावरून?"

तिनं माझ्या ताटात आणखी भाजी वाढली. मी जेवण उरकलं, ताट मोरीत ठेवलं आणि बाहेर ओट्यावर येऊन बसलो.