हरभऱ्याचं कुंपण आणि उन्हातला कळप

पौषातला रविवार. हजर: मी, दादा, वहिनी आणि आमच्या पडीक वावरात मेंढ्या बसवायला आलेले धनगरमामा. नामांतराच्या प्रश्नावरून शहर बंद होतं. वाळूजच्या शिफ्टच्या बस निघत नव्हत्या, म्हणून मी वैजापूरकडं माहेरीच अडकले होते.

कंपनीत स्टोअर सांभाळायचे, त्यामुळं माहेरीही कामांची वही हातात; झालेल्या कामापुढं खूण. त्या दिवशीची पहिली ओळ मात्र दादानं सांगितलेली: उद्या शिकाऱ्याला निरोप. हरणांनी निम्मा हरभरा खाल्ला होता. लहानपणापासून पाहिलेला तो कळप एका बंदुकीनं संपणार, हे मला पटत नव्हतं.

"यंदा कुंपण दुप्पट घातलं, तरी येतात," दादा म्हणाला.

कुंपण बाभळीच्या काट्यांचं, सरकारी झाडीच्या बाजूनं. रानातलं जनावर झाडीतूनच येणार, हे आमच्या घरात ठरलेलं. दुसऱ्या बांधावर मेंढ्यांची ये-जा, तिथं हरणांच्या खुरांचे माग कुणाला ओळखू येणार?

मी दुसरी ओळ लिहिली: आधी कळप शोधणे. सकाळभर आम्ही तिघांनी झाडी पालथी घातली. एक लेंडी दिसली नाही.

"हिंडवलंतच, तर सरपण तरी न्या," वहिनी म्हणाली.

परतताना मामा भेटले. "ताई, दाटीत हरणाला लांबचं दिसत नाय. थंडीत तिथं ऊनबी पोचत नाय. कशाला बसंल? चला माझ्यासंगं."

दुसऱ्या बांधापलीकडं टेकाड होतं. उन्हाकडचा उतार, पाठीमागं वारा अडलेला, बोरी-हिवरं विरळ, गवत मेंढ्यांनी आखूड केलेलं. अख्खा कळप तिथं ऊन खात बसला होता. तिथून आमच्या हरभऱ्यापर्यंत एक काटी आडवी नव्हती.

"म्हंजी कुंपण आपण झाडांना घातलं?" दादा म्हणाला.

"व्हय. अन् झाडं लई गुणाची, पाटील. एक बी आत आलं नाय."

दादा इतका हसला की खाली बसला. निरोपाची ओळ त्यानंच खोडायला सांगितली. संध्याकाळपर्यंत काट्या ओढून दुसऱ्या बांधाला लावल्या. मामांनी कुत्री तिकडं बांधली. सकाळी हरभऱ्याचा एकही नवा शेंडा खुडलेला नव्हता. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

बस सुरू झाल्या, मी वाळूजला परतले. त्या बांधाच्या टोकाला, आमच्या विहिरीपाशी, काट्या कमी पडल्या होत्या. तिथं वहिनीनं मोडकी बाज उभी केली. वहीत एका ओळीपुढं अजून खूण नाही: विहिरीजवळ काट्या लावणे.