जांभईने दिलेलं मत

आमचे हे, म्हणजे महेंद्र, कॅम्प पाचमधल्या जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर. स्कूटरवरून पडले, डोक्याला मार लागला आणि उजवं अंग लुळं पडलं. आधी हात ओल्या फडक्यासारखा लोंबायचा. मग आखडत गेला. मूठ मिटली की मिटलीच. फिजिओ पद्मजा गुडघ्याखाली हातोडी नुसती टेकवायची, तर पाय असा उडायचा की तिची बॅगच पालथी! ती म्हणायची, "काकी, मेंदूचा लगाम सुटलाय, म्हणून अंग आपल्या मनाने उधळतं."

यांना घोर एकच. बुद्धपौर्णिमेला विहारावर पंचशील ध्वज दरवर्षी हेच चढवायचे. आता कोण? कमिटीची मीटिंग बसली. अध्यक्ष धोंडिबामामा एकदा बोलायला लागले की थांबतात कुठे! शेवटी म्हणाले, "यंदा झेंडा आपल्या कमिटीतल्या तरुण पुष्करने चढवावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा." नेमकी तेव्हाच यांना जांभई आली आणि तो मेला उजवा हात सरळ वर!

"अरे, महेंद्रचा हात उठला!" अख्खं विहार ओरडलं. मी तर रडायलाच लागले. जांभई संपली, हात खाली. "अहो, परत उचला ना!" छे! वर मामांनी यांचं मत मोजूनसुद्धा टाकलं. मग माझं डोकं सटकलं. "मामा, ते मत यांचं नाही, जांभईचं आहे. आणि जांभई तुमच्या भाषणाची आहे!"

हशा पिकला. मामाही हसले, "बरं बाई, महेंद्रलाच चढवू दे."

पद्मजाने मात्र सांगितलं, जांभईचा हुकूम वेगळ्या वाटेने येतो, हात बरा झालेला नाही. मला तिचा रागच आला. पण मग तीच म्हणाली, "मूठ सुटत नाही ना? मग तिलाच कामाला लावा." गच्चीवर कपड्यांच्या दोरीवर सराव सुरू झाला. डाव्या हाताने ओढायचं, दोरी उजव्या मुठीत अडकवायची. ओढ बसली की मूठ आणखीच घट्ट व्हायची.

पौर्णिमेला झेंडा रखडत रखडत, पण टोकाला पोचला. "साधू! साधू!" असा जयघोष झाला. दोरी बांधायची, तर मूठ सुटेना. मी पुढे झाले आणि एकेक बोट उकलायला लागले. एवढ्या लोकांत यांनी कधी माझा हात धरला नव्हता.

हळूच म्हणाले, "राहू दे गं जरा."

मीही मग घाई केली नाही.