मावशीची शोकसभा

मावशी ही मांजर होती, हे मी पहिल्याच ओळीत सांगून टाकते. आमच्या सोसायटीला ते इतक्या लवकर कळलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

ती तळमजल्यावरच्या प्रेमानंद मेश्रामांची. सोसायटीतली मुलं त्यांना आबाजी म्हणतात, म्हणून मीही. आबाजी कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते. तिथल्या घरघराटात बोललेलं कुणाला ऐकू जात नसे, त्यामुळे बोलायची सवयच लागली नाही असं ते सांगतात. तेही विचारलं तरच. मावशी त्यांना क्वार्टरच्या मागे सापडली, बोटभर पिल्लू. राखेनं माखलंय असं समजून त्यांनी ते साबणानं धुतलं. राख गेली नाही, कारण तो तिचा रंगच होता. आबाजींच्या मनगटावर मात्र ओरखडे उमटले. तेव्हा कॉलनीमागे बिबट्या फिरतोय अशी आवई होती. "मावशी घरात असली तर भाचा काहून येईन?" असं म्हणून त्यांच्या पत्नीनं, कौशल्याकाकूंनी, पिल्लाचं नाव ठेवलं. बिबट्या आला नाही. त्याचं श्रेय काकूंनी वनखात्याला न देता मावशीला दिलं.

निवृत्तीनंतर तिघं आमच्या सोसायटीत आली. काकूंनी फाटकाजवळ संत्र्याचं रोप लावलं. त्याची संत्री इतकी आंबट, की दोन वर्षांत लोकांनी ती चोरणंही सोडलं. काकू गेल्या, आणि आबाजी व मावशी रोज संध्याकाळी त्या झाडाखाली बसू लागले. दोघंही गप्प. दोघांचंही भागत असावं.

मी काही मांजरांची शत्रू नाही, मी आई आहे. माझ्या चिन्मयीनं मावशीला हात लावला की मी तिचे हात कोपरापर्यंत धुवायची. रेबीज, दमा, जंत, केस पोटात जाणं, सगळं मी वाचून ठेवलं होतं. आबाजी भेटले की इतर लोक तब्येत विचारायचे. मी मावशीचं इंजेक्शन झालं का ते विचारायची. ते शांतपणे म्हणायचे, "झालं बेटा. तुह्यं झालं का?"

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी ते आमच्या दाराशी आले. आत या म्हटलं तर आले नाहीत.

"दीप्ती बेटा, मावशी गेली. झोपेतच. चिन्मयीले तू सांग, मले नाही जमणार." मग जिन्याकडे बघत म्हणाले, "तिले कौशल्याच्या झाडाखाली ठेवीन म्हनलं. धोटे साहेब ठेवू देतीन का?"

रामाजी धोटे म्हणजे आमचे अध्यक्ष. काटोलकडचे संत्र्याचे बगीचे झाडावरच खरेदी करायचा त्यांचा व्यापार. उरलेल्या वेळात ते भाषण करतात. 'आवारात प्राण्यांना सक्त मनाई' हा फलक त्यांनीच फाटकाजवळ लावला आणि त्याच्या अनावरणालाही भाषण केलं. मागच्या सभेत त्यांनी आबाजींकडे बघूनच म्हटलं होतं, "उद्या मांजर मेलं तर कचरागाडीत द्या. हा बगीचा आहे, घाट नाही." मी आबाजींना खरं ते सांगितलं, की ते नाही म्हणतील.

"मंग सगळ्यायले बोलावतो," आबाजी म्हणाले. "समोर विचारीन."

त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: 'आमची मावशी आज पहाटे शांतपणे गेली. अंत्यदर्शनासाठी यावे.' बॉयलरवरच्या माणसानं लिहावा तसा मजकूर. एक शब्द जास्त नाही.

पण मावशी हे नाव मुलांना आणि मलाच ठाऊक होतं. बाकीच्यांसाठी ती 'ते मांजर' होती. मी चिन्मयीला कुशीत घेऊन समजावत होते तोवर ग्रुपवर जोडलेल्या हातांचा पूर आला. 'मेश्राम काकांच्या मावशींना भावपूर्ण श्रद्धांजली.' 'फार मायाळू होत्या,' असं ज्यानं लिहिलं त्यानं त्याच आठवड्यात तिला चप्पल फेकून मारली होती. चौथ्या मजल्यावरच्या सोनिकानं लिहिलं, 'परवाच माझ्या हातचं जेवून गेल्या.' ती चक्क थाप होती. पण मावशीनं तिच्या ओट्यावरचा मासा परवाच पळवला होता, हे चिन्मयीला ठाऊक असल्यामुळे ती रडता रडता हसली.

मी खाली पोचले तेव्हा पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून झाल्या होत्या. सगळे पांढऱ्या कपड्यांत. आबाजींचं दार अर्धं लोटलेलं. दर्शन आधी की सभा आधी, यावर थोडी कुजबुज झाली.

"सभा आधी घ्या जी," धोटे म्हणाले. "मले काटोलले निघायचं आहे, बगीच्याचा सौदा अडून राहिला. हर्षित, मोबाइल आडवा धर गा. उभा धरला की माणूस चेपून येते." हर्षित त्यांचा मुलगा.

मी पुढे झाले. "धोटे साहेब, एक मिनिट. मावशी म्हणजे..."

"ताई, भावना समजून राहिलो मी. महिलांचं मनोगत नंतर."

आणि ते सुरू झाले. "मावशींचा आणि माझा जुना घरोबा. अतिशय मनमिळाऊ. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. आल्या कधी, गेल्या कधी, कळायचं नाही. पायाचा आवाज नसायचा!" लोक मान डोलावत होते. "जे मिळालं ते खाल्लं, कधी तक्रार नाही. आजकालच्या लोकायनं शिकण्यासारखं आहे."

चिन्मयी माझ्या कानात म्हणाली, "आई, काकांना सगळं माहीत आहे." मला दुसरीच काळजी लागली, की मोठ्यांवरचा तिचा विश्वास आज सुटणार.

धोट्यांचा आवाज भरून आला. "मेश्राम साहेब, ही सोसायटी तुमची आहे. मावशींची आठवण इथंच राहिली पाहिजे. फाटकाजवळच्या त्या संत्र्याच्या झाडाखालची जागा मी आज, अध्यक्ष म्हणून, मावशींच्या नावानं देतो!"

टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला कळेना, म्हणून थोड्या वाजल्या. हर्षितनं रेकॉर्डिंग तिथंच ग्रुपवर टाकून दिलं. मग आबाजींनी दार उघडलं.

बांबूच्या टोपलीत, काकूंच्या जुन्या सुती साडीवर, मावशी वळून झोपली होती. शेपटी नाकाशी. धोटे हार घेऊन सगळ्यांत पुढे होते. त्यांनी टोपलीत पाहिलं, मग पलंगाकडे पाहिलं, मग दाराच्या मागेही पाहिलं.

"मावशी कुठं आहे जी?"

"हे काय."

"मांजर आहे हे!"

"होय," आबाजी म्हणाले. "मावशी."

"अरे, मंग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं ना. मावशी गेली म्हणून."

मागून कुणीतरी खोकलं. ते खोकणं नव्हतं.

"हे पहा, मी माणसाले जागा देली," धोटे म्हणाले. "मांजराले नाही. नियम आहे."

आबाजींनी वाद घातला नाही. फक्त विचारलं, "मंग जे बोलले, ते कोणाचं होतं?"

तेवढ्यात धोट्यांच्या मोबाइलवर भाषणाला उत्तरं यायला लागली. त्यांच्या साळ्यानं अंगठा पाठवला. बुटीबोरीच्या कारखान्यातल्या जावयानं 'पप्पा, डोळ्यात पाणी आलं' असं लिहिलं. म्हणजे हर्षितनं ते भाषण त्यांच्या घरच्या ग्रुपवरही टाकलं होतं. धोट्यांनी मोबाइल पाहिला, टोपली पाहिली. मांजरासाठी रडलेला अध्यक्ष व्हायचं, की दिलेली जागा शोकसभेतच परत घेणारा? त्यांनी मोबाइल खिशात टाकला. मग हार टोपलीवर ठेवला आणि दबक्या आवाजात म्हणाले, "हर्षित, फावडं आण. आणि बाहेर कोणी विचारलं तर मावशी गेली, एवढंच सांगा. जास्त बोलू नका."

खड्डा आबाजींनीच खणला. कोणाला हात लावू दिला नाही. त्यांनी हळू आवाजात त्रिसरण म्हटलं. बाकीच्यांनी चपला काढल्या, काहींनी इकडंतिकडं बघून काढल्या. चिन्मयीनं मुठीनं माती टाकली. तिच्या नखांत माती गेली ते मी पाहिलं, आणि घरी जाईपर्यंत काही बोलले नाही.

परत येताना आबाजी म्हणाले, "कौशल्या गेली तेव्हाही धोटे साहेब हेच बोलले होते. मनमिळाऊ, अध्यात ना मध्यात. मले राग आला होता. ती तर सगळ्यायच्या मध्यात राहे." थोडं चालून म्हणाले, "आज बरोबर बसलं."

पुढच्या आठवड्यात झाडाखाली पाटी लागली: 'कै. मावशी यांच्या स्मरणार्थ. सौजन्य: रामाजी धोटे, अध्यक्ष.' ती 'प्राण्यांना सक्त मनाई'च्या बरोबर खाली येते. नवे भाडेकरू येता-जाता हात जोडतात. धोटे पाहुण्यांना सांगतात, मेश्राम साहेबांच्या नात्यातल्या होत्या, फार साध्या बाई. आबाजी जवळच बसलेले असतात, आणि ते यात काहीही दुरुस्त करत नाहीत.

यंदा झाडाला चार संत्री आली आहेत. काल चिन्मयीनं एक सोलून मला दिलं. मी ते दोनदा धुतलं, मग खाल्लं. अजून तितकंच आंबट आहे.