साबुत बाटली

बिअरच्या बाटल्यांची खणखण शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी त्या पोत्यात घालून फोडल्या आणि ऐटीत भंगारवाल्याला दिल्या. अकोल्यातल्या आमच्या गल्लीत तो रोज हातगाडी आणायचा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून अंगठा फिरवायचा. टवका नसला की खुशीत मान डोलवायचा.

पोतं उघडून तो हळहळला. "भाऊ, फोडल्या काहून? साबुत बाटली कंपनीत जाते, तिथं धुऊन पुन्हा भरतात. यंदा गावाकडची कपाशी बुडाली. आमचं घर या बाटल्याईवरच चालून राहिलं."

तरी कुणाच्या पायात काच जाऊ नये म्हणून ते पोतं त्यानं घट्ट बांधून नेलं.

माझ्या मागे माझी बायको उभी होती. म्हणाली, "आता बाटल्या माह्यापाशी देत जा. त्याचं घरई चालन, अन् तुमचं किती चालू हाय तेई मले समजन."