मामंजींचा गोलंदाज

मला बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, "एका ओव्हरीत चेंडू किती?" माझ्याकडून पुरणपोळीच्या प्रश्नांची तयारी करून घेतलेली आई मटकन खाली बसली. मी म्हणाले, "सहा. पण ऑस्ट्रेलियात आठ." मामंजींनी मुलाचं मत विचारायची तसदीही घेतली नाही. "ठरलं," म्हणाले.

मी सांगलीची, मैदानामागच्या गल्लीत वाढलेली. भावांच्या मॅचचं स्कोअरबुक मीच लिहायची. सासर कराडजवळ, उसातलं. एकाहत्तरची लढाई होऊन गेली होती, पण नवऱ्याची पलटण सरहद्दीवरच होती. लग्नानंतर महिन्याभरात तो परत गेला आणि मी निवृत्त सुभेदार असलेल्या मामंजींच्या क्रिकेटला नांदायला लागले.

कसोटीतल्या बड्या खेळाडूंचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. "ती पिकल्याली आंबं. त्येंचा वास कुनालाबी येतोय. आडीत हात घालून कंचा पिकंल त्ये सांगता आलं पायजे, सूनबाई." म्हणून आम्ही दोघं एसटीनं सातारा, कराड, सांगली करत जिल्ह्याची उगवती पोरं बघत हिंडायचो. ते गोलंदाज बघायचे, मी फलंदाज. मी स्कोअरबुक घेऊन टेबलाशी बसले की पलीकडच्या संघाला वाटायचं, कुणाचा तरी डबा घेऊन आलेय.

एकदा सासूबाईंचा नवस फेडायला औंधला गेलो. यमाईच्या डोंगरावर आम्ही दोघी रांगेत आणि मामंजी कठड्याशी. खाली माळावर एक ताडमाड पोरगा मेंढरं वळत होता. एक मेंढी लांब पळाली. त्यानं जागेवरून दगड भिरकावला. तो मेंढीच्या नाकापुढं वीतभर पडला आणि ती गपकन वळली. मामंजींनी देवीला पाठ केली आणि पायऱ्या उतरायला लागले.

"कवा चेंडू टाकलायस का रं गड्या?"

"चेंडू कशाला टाकू? टाकला तर आनाय परत मलाच जावं लागंल."

माणदेशी धनगराचा तो विशीतला पोरगा पंधरवड्यात आमच्या पडवीत राहायला आला. सासूबाई म्हणाल्या, "नवस बोलले मी, आन् पावली ह्येंना." पोरगा एका बैठकीला नऊ भाकरी खायचा आणि चेंडू असा टाकायचा की कराडच्या चांगल्या चांगल्या फलंदाजांना अचानक घरची कामं आठवायची. मामंजी गावभर सांगत सुटले, "रणजी तर ह्यो झोपंत खेळंल."

मी मात्र आडव्या बाजूनं बघत होते. चेंडू सुटताना त्याचा कोपर वाकून झटक्यात सरळ व्हायचा. तो चेंडू टाकत नव्हता, फेकत होता, आणि फेकलेला चेंडू क्रिकेटात चालत नाही. चौथ्या दिवशी बोलले.

"मामंजी, त्याचा हात वाकतोय."

"देवानं सांदा दिलाय तो वाकायलाच. तुजा फलंदाज बग आधी."

माझा फलंदाज म्हणजे सांगलीच्या कॉलेजातला एक देखणा पोरगा. कव्हर ड्राइव्ह असा मारायचा की मी स्कोअर लिहायला विसरायची. तीस धावा झाल्या की कंटाळून बाद व्हायचा, हे मला दिसायचं, पण मी त्याला तब्येतीची कारणं शोधून द्यायची. मामंजी त्याला "फोटोतला" म्हणायचे.

साताऱ्याच्या निवड सामन्यात दोघं एकाच संघात आले. पुण्याहून निवडसमितीचे एक गृहस्थ आले होते. सासूबाईंनी बांधून दिलेली भाकरी मामंजींनी त्यांनाच खायला घातली. मग आमचा गोलंदाज आला. पहिला चेंडू. लेग अंपायर ओरडला, "नो बॉल!" दुसरा, तिसरा, चौथा, सगळे नो बॉल. ओव्हर संपेना. माझ्या वहीतल्या चौकोनात नो बॉलचे गोल मावेनात. मामंजी धोतर सावरत थेट मैदानात.

"आवं, तुमचा हात न वाकवता घास तोंडात घालून दावा बगू!"

अंपायरनं त्यांना बाहेर जायला सांगितलं. ते जाईनात. शेवटी पोरगाच पुढं आला, चेंडू अंपायरच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "घ्या, तुमीच टाका." टोपी खिशात घालून चालता झाला. ओव्हर दुसऱ्याच कुणी तरी संपवली.

दुपारी माझ्या फलंदाजानं तीन देखणे चौकार मारले. चौथा मारताना पुण्याचे साहेब बघतायत का ते बघायला मान वळवली आणि स्वतःच्याच बॅटनं स्टंप पाडला. तरीही साहेबांनी त्याला निवडलं. मामंजी परतीच्या एसटीत खिडकीकडं तोंड करून बसले. मीही जिंकल्यासारखी दिसणार नाही, याची काळजी घेतली.

घरी दोन दिवस ते धड जेवले नाहीत. पोरगा पडवीत परतला होता आणि आपली घोंगडी गुंडाळून निघायच्या बेतात होता. मामंजी त्याच्यापुढं बसून म्हणाले, "म्या तुला मेंढरामागनं उटवून आनलं, आन् चारचौगांत हसं केलं. माजीच चूक रं." माझ्या सासऱ्यांनी चूक कबूल केलेली घरात कुणी ऐकली नव्हती. सासूबाई तवा सोडून बाहेर आल्या.

मी विचारलं, "पलटणीत भालाफेक असते ना? तिथं वाकलेल्या हाताला कोण विचारतंय?"

मामंजींनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आता माहेरी पाठवतात. दुसऱ्या आठवड्यात ते पोराला स्वतः भरतीला घेऊन गेले. छाती, उंची, धावणं, सगळ्यात तो बसला. वर्ष-दीड वर्षानं पलटणीच्या खेळात भालाफेकीत पहिला आल्याचं पत्र आलं, दुसऱ्याकडून लिहवून घेतलेलं. मामंजींनी ते माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं.

माझा फलंदाज पुण्यात दोन हंगाम बाकावर बसला आणि परत आला. पुढं त्यानं विमा विकायला घेतला. आमच्याकडंही आला होता. अजून देखणाच होता. मामंजींनी चहा पाजून वाटेला लावला.

त्यानंतरच्या एका हंगामात लोणंदला गेलो तेव्हा मामंजींनी एक नवा डावखुरा गोलंदाज हेरला होता. मला म्हणाले, "सूनबाई, त्या अंगाला जाऊन बस. कोपर बगून ये, मग मी तोंड उगडतो."

मी तासभर उन्हात बसून आले. "हात सरळ आहे," म्हणाले, "पण पोट सुटायला लागलंय."

"पोटाला नो बॉल न्हाई," मामंजी म्हणाले आणि त्याला घरी जेवायला बोलवायला निघाले.